दुखणे एक की चार?

मागच्या हिवाळ्यातली गोष्ट आहे. आमच्या गावचा बाजाराचा दिवस, त्यामुळे दवाखान्यात नेहमीपेक्षा दुप्पट गर्दी. दुपारी दीडच्या सुमारास एक आजी नातीला घेऊन आत आल्या. नात अकरा वर्षांची, पण अंगापिंडाने आठ वर्षांची वाटावी अशी. आजी बाकावर टेकायच्या आधीच त्यांनी हातातली कापडी पिशवी माझ्या टेबलावर उपडी केली. चिठ्ठ्या, रक्ताचे रिपोर्ट, एक्स-रेची दोन पाकिटे आणि गोळ्यांच्या रिकाम्या पट्ट्या यांचा ढीग पडला.

“डाक्टरसाहेब, पोरीचं दुखणं एक हाये का चार, तेवढं सांगा जी,” आजी म्हणाल्या. “एक डाक्टर हाडाचं सांगते, एक काविळीचं सांगते. दवाई चार जागची, पोरगी एकच.”

मी ढीग चाळू लागलो. पहिला कागद हाडाच्या डॉक्टरांचा. दोन वर्षांपासून गुडघे, हात आणि पाठ अधूनमधून असह्य दुखते, ‘संधिवात असावा’ असा शेरा आणि वेदनाशामक गोळ्या. दुसरा कागद पिवळ्या डोळ्यांचा. आधी गावात कावीळ ‘उतरवून’ झाली होती, नंतर यकृताचे टॉनिक सुरू झाले होते. तिसरा प्रकार तापाचा. वर्षातून चार-पाच वेळा ताप, पोटात डावीकडे जडपणा, म्हणून हिवतापाच्या गोळ्या. चौथी तक्रार होती रात्री अंथरुणात लघवी होण्याची. त्या चिठ्ठीवरचे अक्षर ओळखीचे वाटले, कारण ते माझेच होते. आणखी एका चिठ्ठीवर लोहाचे टॉनिक लिहिलेले होते. तेही मीच लिहिले होते.

या आजींना उत्तर द्यायला मला पुढे तीन आठवडे लागले. ते उत्तर आज वाचकांपुढेही ठेवतो. कुटुंबाची परवानगी घेतलेली आहे, नाव-गाव मात्र सांगत नाही. उत्तर समजायचे तर आपले शरीर रचलेले कसे आहे, ते आधी पाहावे लागेल.

शाळेत आपण सर्वांनी पाठ केलेले असते: पेशींच्या ऊती, ऊतींची इंद्रिये, इंद्रियांच्या संस्था आणि संस्था मिळून शरीर. परीक्षेत चार ओळी लिहायच्या, गुण घ्यायचे आणि विसरून जायचे. खरे सांगायचे तर आम्ही डॉक्टर मंडळीही ते सोयीस्कर विसरतो. रोगी आला की दुखणाऱ्या अवयवाकडे बोट दाखवतो, आम्ही त्या अवयवाचे औषध लिहितो आणि पुढचा रोगी आत येतो.

पेशी म्हणजे जिवंतपणाचा सर्वांत लहान घटक. मोठ्या माणसाच्या शरीरात अंदाजे ३० ते ३७ लाख कोटी पेशी असतात. बहुतेक पेशींना बाहेरून पातळ आवरण, आत पेशीद्रव आणि मध्ये केंद्रक असते. केंद्रकात त्या माणसाच्या घडणीची सगळी पोथी असते. गंमत अशी, की डोळ्याच्या पेशीत आणि टाचेच्या कातडीतील पेशीत पोथी तीच असते, फक्त प्रत्येकीने वाचायची पाने वेगळी.

एकाच प्रकारचे काम करणाऱ्या पेशी एकत्र आल्या की ऊती होते. या शब्दाचा मूळ संस्कृत अर्थच मुळी विणणे असा आहे. भंडाऱ्याकडे कोशाचे कापड विणताना पाहिले असेल तर हा शब्द चटकन पटेल. सुटा धागा अंगावर घालता येत नाही, त्याचे कापड व्हावे लागते. शरीरात असे ‘कापड’ मुख्यतः चार तऱ्हेचे. बाहेरून-आतून अस्तर घालणाऱ्या अभिस्तर ऊती, आकुंचन पावणाऱ्या स्नायू ऊती, निरोप वाहणाऱ्या चेता ऊती आणि सगळ्यांना बांधून धरणाऱ्या किंवा आधार देणाऱ्या संयोजी ऊती.

या चार प्रकारांचे कापड एकत्र शिवले की इंद्रिय तयार होते. जठर घ्या. आतून त्याला अस्तर आहे, भोवती अन्न घुसळणारे स्नायू आहेत, त्यांना हुकूम देणाऱ्या चेता आहेत आणि सर्वांना एकत्र धरणारी संयोजी ऊती आहे. चारांपैकी एकीने काम सोडले तरी जेवण पचत नाही. पुढे जठर, आतडी, यकृत, स्वादुपिंड मिळून पचनसंस्था. पुस्तकांत अशा साधारण अकरा संस्था मोजतात. त्यांची यादी पाठ्यपुस्तकात मिळेल, इथे देत बसत नाही.

एक गोष्ट मात्र पुस्तकात असूनही बहुतेकांच्या ध्यानात राहत नाही. रक्त हीसुद्धा ऊतीच आहे, संयोजी ऊती. हाड घट्ट आणि रक्त पातळ, तरी दोघेही एकाच घराण्यातले. फरक इतकाच की रक्तातील पेशी एका जागी बसलेल्या नसतात, त्या रक्तद्रवात तरंगत शरीरभर हिंडतात. त्यामुळे गुडघ्याची पेशी बिघडली तर गुडघा बिघडतो, पण रक्ताची पेशी बिघडली तर ती जिथे जिथे जाईल तिथे तिथे बिघाड पोहोचतो. आणि रक्त जात नाही अशा जागा शरीरात फार थोड्या आहेत.

आता त्या मुलीकडे परत येऊ.

तिच्या जिभेवर आणि पापणीच्या आत रंग नव्हता. डोळ्यांचा पांढरा भाग फिकट पिवळा. पोटावर हात ठेवला तेव्हा डाव्या बरगडीखाली पाणथरी तीन बोटे वाढलेली लागली. या तीन गोष्टी मी आधीही पाहिल्या असतील, पण वेगवेगळ्या दिवशी, वेगवेगळ्या तक्रारींच्या निमित्ताने. त्या दिवशी आजींनी सगळे कागद एकदम टेबलावर ओतले म्हणून ते एकत्र दिसले. बोटाला सुई टोचून रक्ताचा थेंब घेतला, सोल्युबिलिटीची साधी चाचणी केली. नळीतले पाणी स्वच्छ राहायला हवे होते, ते गढूळ झाले. नळीमागे धरलेल्या कागदावरच्या रेघा दिसेनात. मग नमुना पुढे पाठवला. एचपीएलसी तपासणीचा अहवाल आला: सिकलसेल, एसएस प्रकार. म्हणजे आजाराची जनुके आई आणि वडील दोघांकडूनही आलेली.

सिकल म्हणजे विळा. नाव असे का पडले ते समजण्यासाठी रक्तातील तांबडी पेशी जवळून पाहू.

ही पेशी मोठी अजब आहे. हाडांच्या पोकळीतल्या मज्जेत ती जन्मते. मोठ्या माणसाच्या शरीरात दर सेकंदाला सुमारे २० लाख तांबड्या पेशी तयार होत असतात. रक्तात उतरण्यापूर्वी ती आपले केंद्रक टाकून देते आणि रिकाम्या झालेल्या जागेत हिमोग्लोबिन भरून घेते. आकाराने दोन्ही बाजूंनी दबलेल्या चकतीसारखी. रुंदी एका मिलिमीटरच्या हजार भागांपैकी सात-आठ भाग. शरीरातल्या बारीक केशवाहिन्या काही ठिकाणी याहूनही अरुंद असतात. पण चकती इतकी लवचिक असते की दुमडून, लांबट होऊन ती त्यातून निघून जाते आणि पलीकडे गेल्यावर पुन्हा पूर्ववत होते. असे सुमारे १२० दिवस ती हिंडते. नंतर थकली की पाणथरीत आणि यकृतात मोडीत निघते.

एका तांबड्या पेशीत हिमोग्लोबिनचे सुमारे २७ कोटी रेणू असतात. प्रत्येक रेणूत चार साखळ्या, दोन अल्फा आणि दोन बीटा. बीटा साखळीत १४६ अमिनो आम्ले माळेतल्या मण्यांसारखी ओवलेली असतात. सिकलसेलमध्ये यातला फक्त सहावा मणी बदललेला असतो. ग्लुटामिक आम्लाच्या जागी व्हॅलिन. बाकी १४५ मणी जिथल्या तिथे.

एवढ्याशा बदलाने काय होते? ग्लुटामिक आम्ल पाण्यात सुखाने राहते. व्हॅलिन पाणी टाळते आणि शेजारच्या रेणूला चिकटायला पाहते. हिमोग्लोबिनवर प्राणवायू असतो तोवर ही चिकटण्याची जागा झाकलेली असते. प्राणवायू उतरवून दिला की जागा उघडी पडते, रेणूला रेणू चिकटतो आणि पेशीच्या आत लांब, ताठ काड्या तयार होतात. त्या काड्या पेशीला आतून ताणतात आणि गोल चकती विळ्यासारखी वाकते. फुप्फुसात जाऊन पुन्हा प्राणवायू मिळाला की ती सरळ होते. पण असे पुन्हा पुन्हा झाल्यावर तिचे आवरणच खराब होते आणि मग ती कायमची वाकडी राहते. अशी पेशी १२० दिवस जगत नाही, जेमतेम १० ते २० दिवसांत फुटते.

शिकागोचे डॉक्टर जेम्स हेरिक यांनी १९१० साली अशा वाकड्या पेशींचे पहिले वर्णन छापले. त्यांचा रोगी ग्रेनाडा बेटावरून दंतवैद्यक शिकायला आलेला एक तरुण होता. १९४९ मध्ये लिनस पॉलिंग आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी दाखवले, की दोष पेशीच्याही खाली, हिमोग्लोबिनच्या रेणूतच आहे. १९५६ मध्ये व्हर्नन इन्ग्राम यांनी नेमका कोणता मणी बदललेला आहे ते शोधले. भारतात हा दोष १९५२ साली निलगिरीच्या डोंगरातील आदिवासींमध्ये आढळल्याची नोंद झाली आणि त्याच दशकात नागपूरकडूनही नोंद आली. आज गडचिरोली, चंद्रपूर, गोंदिया, भंडारा, नागपूर, तिकडे नंदुरबार या जिल्ह्यांतल्या दवाखान्यांना तो चांगलाच परिचयाचा आहे. निदान असायला हवा.

आता आजींच्या ढिगातला एकेक कागद घेऊ.

पहिला कागद हाडांचा. विळ्यासारखी ताठ पेशी केशवाहिनीच्या तोंडाशी अडकते. मागून आलेली दुसरी तिला चिकटते. नाल्यात काटेरी फांदी आडवी पडली की तिला पाला-कचरा अडकत जातो, तसा तिथे बांध होतो. पलीकडच्या भागाला रक्त मिळत नाही आणि तो भाग दुखू लागतो. ज्यांनी हे दुखणे सोसले आहे त्यांना ते सांगायला शब्द पुरत नाहीत. हाडात आणि मज्जेत हे फार वेळा होते. लहान बाळांमध्ये पहिली खूण बहुधा हाता-पायांचे पंजे सुजून दुखण्याची असते. ‘संधिवात’ असा शेरा मारणाऱ्या डॉक्टरांना मी दोष देणार नाही. सुजलेला गुडघा समोर आला की तोच विचार प्रथम मनात येतो.

दुसरा कागद काविळीचा. पेशी लवकर फुटतात, त्यांच्यातल्या हिमोग्लोबिनपासून पिवळे रंगद्रव्य तयार होते आणि ते निपटता निपटता यकृताची दमछाक होते. म्हणून डोळे पिवळे. या मुलीचे यकृत बिघडलेले नव्हतेच, त्याच्यावर कामाचा बोजा वाढलेला होता. टॉनिकचा काही उपयोग नव्हता. याच पिवळ्या रंगद्रव्याचे पुढे पित्ताशयात खडे होतात, त्यामुळे सिकलसेलच्या रोग्याला तरुणपणीच पोटदुखी सुरू झाली तर तिकडेही लक्ष द्यावे लागते. रक्त कमी असण्याचे कारणही हेच. पेशी बनवण्यात कसूर नाही, त्या टिकत नाहीत. मी लिहिलेले लोहाचे टॉनिक म्हणूनच चुकीचे होते. फुटलेल्या पेशींतले लोह शरीरातच राहते. तपासणीत कमतरता दिसली तरच ते द्यायचे.

तिसरा कागद ताप आणि पाणथरीचा. पाणथरी ही रक्ताची चाळणी. जुन्या पेशी गाळते आणि रक्तात शिरलेले जंतू पकडते. वाकड्या पेशींनी तिच्या चिंचोळ्या वाटा तुंबतात. काही मुलांत ती वाढते, काहींत हळूहळू आक्रसून निकामी होते. दोन्ही प्रकारांत जंतू पकडण्याचे काम ढासळते. त्यामुळे या मुलांना न्यूमोनिया, रक्तातला जंतुसंसर्ग असे आजार लवकर होतात आणि झपाट्याने वाढतात. इथे हिवतापाचा एक विचित्र संबंध आहे. ज्यांच्याकडे एकच सदोष जनुक असते, ज्यांना आपण वाहक म्हणतो, त्यांना गंभीर हिवतापापासून बरेच संरक्षण मिळते. पिढ्यान्‌पिढ्या हिवतापाच्या जंगलपट्ट्यात राहिलेल्या लोकांमध्ये हे जनुक टिकून राहिले ते याच कारणाने. एखाद्या जातीजमातीचा तो कलंक नाही. पण दोन्ही जनुके सदोष असलेल्या मुलाला हा फायदा मिळत नाही, उलट हिवताप त्याला जास्तच धोक्याचा.

चौथा कागद माझा. त्यावर जरा थांबतो, कारण तो लिहिताना मी जे केले ते मला अजून टोचते.

मूत्रपिंडाच्या आतल्या गाभ्यात मुद्दामच क्षारांचे प्रमाण जास्त आणि प्राणवायूचे कमी ठेवलेले असते. त्या खारट भागातून जाताना लघवीतले पाणी शरीरात परत ओढले जाते आणि लघवी दाट होते. रात्री आपण सात-आठ तास न उठता झोपू शकतो ते या सोयीमुळे. पण प्राणवायू कमी आणि खारटपणा जास्त, हीच परिस्थिती सिकलसेलच्या पेशीला वाकवायला सर्वांत सोयीची. त्यामुळे इतर कुठे त्रास होण्याआधीच, बालपणीच, मूत्रपिंडाच्या या भागाचे नुकसान होते. लघवी दाट करण्याची शक्ती जाते. मूल रात्रंदिवस पातळ लघवी भरपूर करते आणि गाढ झोपेत ती अंथरुणात होते.

आठ महिन्यांपूर्वी आजी याच तक्रारीसाठी नातीला माझ्याकडे घेऊन आल्या होत्या. मी सर्वसाधारण मुलांना देतो तोच सल्ला दिला होता. चिठ्ठीवर स्वच्छ लिहिले होते: ‘संध्याकाळी सहानंतर पाणी देऊ नये.’ आजींनी तो इमानेइतबारे पाळला. मुलीने तहान लागल्यावर मागितले तरी पाणी दिले नाही. मूत्रपिंडे पाणी राखू शकत नव्हती, ते लघवीवाटे जातच होते आणि वरून मी पाणी बंद केले होते. शरीरातले पाणी कमी झाले की तांबड्या पेशीतलेही कमी होते, आतले हिमोग्लोबिन दाट होते आणि काड्या अधिक वेगाने बनतात. हाडे दुखण्याचे झटके वर्षातून तीन-चार होते ते या काळात महिन्याला एक झाले होते. कागदांवरच्या तारखा लावून पाहिल्या तेव्हा हे माझ्या लक्षात आले.

आजींना मी ते सांगितले. त्या थोडा वेळ गप्प बसल्या. मग म्हणाल्या, “म्हणजे एकच दुखणं हाये.” मी म्हटले, “हो आजी, एकच. पण ते रक्तात आहे, म्हणून चार ठिकाणी दिसतं.”

आता उपाय. हा आजार औषधाने मुळापासून जात नाही, पण काबूत ठेवता येतो. ज्यांच्या घरी असा रोगी आहे त्यांनी पुढचा भाग कात्रण काढून ठेवला तरी चालेल.

पाणी हे पहिले औषध. दिवसभर थोडे थोडे, उन्हाळ्यात आणि तापात अधिक. शाळेत मुलाला बाटली जवळ ठेवू द्यावी आणि लघवीला जायची परवानगी मागितल्यावर ताटकळत ठेवू नये, एवढे गुरुजी-बाईंना भेटून सांगून ठेवावे. थंडीत अंगभर कपडे. थंड पाण्यात पोहणे, दमछाक होईपर्यंत धावणे टाळावे, पण खेळच बंद करू नयेत. फॉलिक ॲसिडची गोळी रोज, कारण मज्जेला सतत नव्या पेशी घडवाव्या लागतात. लसी सगळ्या, त्यात न्यूमोकोकसची लस विसरू नये. लहान मुलांना निदान पाच वर्षांचे होईपर्यंत रोज पेनिसिलिन द्यायचे असते, ते डॉक्टरांच्या देखरेखीखाली.

हायड्रॉक्सियुरिया नावाच्या औषधाने अनेक रोग्यांचे आयुष्य बदलले आहे. त्याची युक्ती समजून घेण्यासारखी आहे. आईच्या पोटात असताना बाळाचे हिमोग्लोबिन वेगळे असते. त्यात बीटा साखळीच नसते, म्हणून ते वाकत नाही. जन्मानंतर साधारण सहा महिन्यांत ते ओसरते आणि मोठ्यांचे हिमोग्लोबिन त्याची जागा घेते. म्हणूनच सिकलसेलचे बाळ पहिले काही महिने ठणठणीत असते आणि घरच्यांना पुढे धक्का बसतो. हायड्रॉक्सियुरियामुळे हे बाळपणीचे हिमोग्लोबिन पुन्हा वाढू लागते, वाकड्या पेशी कमी होतात आणि दुखण्याचे झटकेही कमी होतात. हे औषध घेताना ठरावीक काळाने रक्त तपासावे लागते आणि गरोदरपणाचा बेत असेल तर आधी डॉक्टरांना विचारावे लागते. दुकानातून परस्पर आणून ते घेऊ नये. वेदनाशामक गोळ्यांचेही तसेच. वर्षानुवर्षे मनाने घेतल्या तर आधीच दुखावलेली मूत्रपिंडे आणखी बिघडतात.

सकाळची वाट न पाहता दवाखाना गाठायचा अशी लक्षणे कोणती? १०१ किंवा त्याहून अधिक ताप. छातीत दुखणे, धाप लागणे. मूल एकाएकी पांढरेफटक पडून पोटाची डावी बाजू फुगणे, कारण तेव्हा पाणथरीत रक्त अडकून जीव धोक्यात येतो. एका बाजूचा हात-पाय लुळा पडणे, बोलणे अडखळणे. मुलांमध्ये आणि पुरुषांमध्ये लिंगाला दुखरा ताठरपणा येऊन तो तासन्‌तास न उतरणे. ही शेवटची तक्रार लाजेपोटी लपवतात आणि कायमचे नुकसान होते.

जुळणाऱ्या भावाबहिणीची अस्थिमज्जा रोपण करून हा आजार बरा करता येतो, पण तो मार्ग थोड्यांनाच मिळतो. जनुक दुरुस्त करण्याच्या उपचाराला २०२३ च्या अखेरीस ब्रिटनने आणि पाठोपाठ अमेरिकेने मान्यता दिली. अमेरिकेत त्याची जाहीर किंमत २२ लाख डॉलर होती, त्यामुळे त्याची चर्चा या पानावर करण्यात सध्या तरी अर्थ नाही. आपल्याकडे १ जुलै २०२३ रोजी मध्य प्रदेशातील शहडोल येथून राष्ट्रीय सिकलसेल निर्मूलन मोहीम सुरू झाली. ४० वर्षांपर्यंतच्या ७ कोटी लोकांची तपासणी करायची आणि २०४७ पर्यंत हा आजार आटोक्यात आणायचा, असे तिचे ध्येय आहे. तपासणीपथक गावात आले की घरातल्या सगळ्यांनी बोट पुढे करावे.

निर्मूलनाचा प्रश्न आला की लग्नाचा प्रश्न येतोच. आई-वडील दोघेही वाहक असतील तर प्रत्येक गरोदरपणात चारात एक शक्यता आजारी मुलाची, दोन शक्यता वाहक मुलाच्या आणि एक पूर्णपणे निर्दोष मुलाची. ‘पहिलं मूल आजारी झालं, आता पुढची तीन चांगली होतील’ असा हिशेब काहीजण करतात. तो चुकीचा आहे, दर खेपेला चिठ्ठ्या नव्याने टाकल्या जातात. वाहक स्वतः रोगी नसतो. तो शेती करतो, नोकरी करतो, सहसा त्याला आयुष्यभर काही कळतही नाही. त्याने लग्न करू नये असे कोणी म्हणत असेल तर ते ऐकू नका. फक्त जोडीदारही वाहक आहे का, ते आधी माहीत असावे. दोघेही वाहक असून लग्न झालेले असेल तर गरोदरपणाच्या सुरुवातीच्या महिन्यांत गर्भाची तपासणी करता येते. त्यासाठी दिवस राहिल्याबरोबर डॉक्टरांकडे जायला हवे.

त्या घरात हा प्रश्न लगेचच उभा राहिला. मुलीचे आई-वडील दोघेही वाहक निघाले. तिचा थोरला भाऊ बावीस वर्षांचा, त्याला तपासले, तोही वाहक. आणि त्याची सोयरीक मामाच्या मुलीशी ठरलेली. आई वाहक असेल तर मामाही वाहक असू शकतो आणि मामाची मुलगीही. मी हे सांगितल्यावर वडिलांनी विचारले, “मग सोयरीक मोडा म्हणता का?” मी म्हटले, “मोडा म्हणत नाही. तिचं एक थेंब रक्त तपासा म्हणतो.” मामाच्या घरून निरोप आला, की आमच्या मुलीला काही रोग नाही, तपासणी केली तर गावात नाव खराब होईल. दोन महिने तो विषय तसाच पडून होता.

मधल्या काळात अकरा वर्षांच्या त्या मुलीचे वजन अडीच किलो वाढले. शाळेत ती पाण्याची हिरवी बाटली घेऊन बसते. अंथरूण अजून अधूनमधून ओले होते, पण आता त्यावरून घरात कोणी रागावत नाही. आजी उशाशी कोरडी चादर घडी करून ठेवतात. पाच महिन्यांत दुखण्याचा झटका एकदाच आला आणि तोही घरच्या घरी निभावला.

गेल्या बाजाराच्या दिवशी दवाखाना बंद करायच्या वेळी एक तरुण मुलगी मावशीला सोबत घेऊन आली. नाव सांगितले, ओळख सांगितली नाही. “सिकलसेलची तपासणी करायची आहे,” एवढेच म्हणाली. बोट पुढे करताना मावशीनेच हळूच सांगितले, की हिचे लग्न आतेभावाशी ठरले आहे आणि घरी कोणाला न सांगता आम्ही आलो आहोत. नळीतले पाणी थोडे गढूळ वाटले, पण ही चाचणी एवढ्यावर काही ठरवत नाही. नमुना पुढे पाठवला आहे. अहवाल यायला आठ दिवस लागतील. तो तिच्याच हातात द्यायचा, असे तिने जाताना दोनदा बजावून सांगितले आहे.